मुक्ताच्या नावाचा अर्ज

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर, आईवडील गेल्याने तुमच्याकडे वाढणाऱ्या आपल्या मुक्तासाठी बालसंगोपन योजनेचा विषय निघताच "सरकारचे पैसे घेऊन पोर सांभाळतात, असे लोक म्हणतील," असे बाबा म्हणाले आणि बोलणे तिथेच थांबले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आईवडील नसलेली किंवा आजारपण, तुरुंगवास अशा कारणांनी त्यांच्यापासून दुरावलेली मुले बालगृहात न जाता घरात वाढावीत, यासाठी ही राज्य सरकारची योजना आहे आणि नातेवाइकांनी सांभाळलेली मुलेही तीत बसतात. २०२३ साली दरमहा ११०० रुपयांची रक्कम २२५० झाली. शाळेची रिक्षा आणि शिकवणी यांतच ती संपेल, हे मला ठाऊक आहे. पण बाबा, ते पैसे तुमच्या सांभाळण्याचा मोबदला नसून मुक्ताच्या हक्काचे आहेत, आणि ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईने विचारलेले दरमहा चार हजार रुपये केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या दुसऱ्या योजनेचे. त्यातले प्रतिपालकत्व, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या घरी सांभाळणे, नात्याबाहेरच्या कुटुंबासाठी आहे, तर प्रायोजकत्वाला, म्हणजे मूल आपल्याच माणसांत राहावे म्हणून मिळणाऱ्या मदतीला, शहरात वार्षिक ९६ हजारांची उत्पन्नमर्यादा असल्याने बाबांच्या पेन्शनमुळे तो मार्ग बंदच आहे.

मला पैशांपेक्षा या अर्जावर मिळणारा बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळाचा निर्णय देणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीचा, आदेश महत्त्वाचा वाटतो. मुक्ता तुमच्याकडे राहते याचा आज एकही सरकारी कागद नाही. तुमचे वय पाहता तुमच्यानंतर कोण, हे अर्जाच्या चौकशीसाठी गृहभेटीला येणारी व्यक्ती विचारणारच. तेव्हा निःसंकोच माझे नाव सांगावे. याविषयी घरात आमचे बोलणे झालेले आहे.

अर्ज नाशिकच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा आहे. तिच्या आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, आधार कार्डे, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि बँक पासबुक लागेल. शिवाय घरासमोर तुम्हा तिघांचा एकत्र फोटो हवा. आईने त्यासाठी पैठणी काढू नये, घर आणि चेहरे स्पष्ट दिसले म्हणजे झाले. "मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

शनिवारी मी पंचवटीत येत आहे. तोवर बोनाफाईड तेवढे मागून ठेवावे; बाकीचे कागद आपण मिळून लावू.

आपली,
सुनीता