बाळूसाठी आणखी थांबू नका

मिनियापोलिस, अमेरिका
१२ जानेवारी

ती. ताई व दाजी यांना सा. न. वि. वि.

बाळू १६ महिन्यांचा झाला तरी आधाराशिवाय बसत नाही, आणि "गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग बघू" असे घरात ठरले आहे, हे ताईने सांगितल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. आमची मनू दिवस भरण्याच्या ११ आठवडे आधी जन्मली. दहाव्या महिन्यातही तिची मान डळमळत होती, पण "काही मुले उशिरा धरतात" या शब्दांवर विसंबून आम्ही पाच महिने घालवले. ते दिवस मला अजून टोचतात. म्हणून हे पत्र.

येथे १९८६ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या अशा मुलांना घरी येऊन मदत मिळते. तपासणी मोफत असते आणि नाव कळवल्यापासून ४५ दिवसांत संपूर्ण कुटुंबासाठी लेखी आराखडा तयार करावा लागतो. पहिल्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सोबत एकही खेळणे आणले नव्हते. ताई, तू पाठवलेला सोलापुरी टॉवेल त्यांनी मागितला, त्याची घट्ट गुंडाळी करून मनूच्या छातीखाली ठेवली आणि समोर स्टीलची वाटी सरकवली. वाटीत आपले तोंड दिसताच मनूने मान उचलली, क्षणभर धरली आणि मग ती रडली. बाईंनी तिला उचलले नाही, मनूच्या आईकडे पाहून त्या म्हणाल्या, "आता तुम्ही करा." आठवड्यातून एक तास त्या येतात, उरलेले सगळे तास आपले, म्हणून अंघोळ, भरवणे, कपडे बदलणे यांतच व्यायाम कसा बसवायचा, हे त्यांनी हिला शिकवले. (बाळूला हेच करू नका, त्याला काय हवे, ते तपासणाराच सांगेल.) मनू चालेल की नाही, हे अजून कुणी सांगू शकत नाही. पण ती बसते, आणि मुख्य म्हणजे ही आता रात्री एकटी रडत बसत नाही.

हे फक्त परदेशातच मिळते, असे समजू नका. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. पथकाची वाट पाहत बसू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आजच विचारा आणि दाजींनी सिव्हिलमध्ये जाऊन मुलांच्या विभागात चौकशी करावी. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या फार झपाट्याने होत असतात. त्या काळात मिळालेल्या सरावाचा जो उपयोग होतो, तो नंतर तितक्या सहजपणे होत नाही.

ताई, ग्रहणात तू विळी हातात घेतलीस म्हणून असे झाले, असे कुणी म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि दाजी, तपासणीला तिला एकटीला पाठवू नका. तेथे सांगितलेले दोघांनीही ऐकले पाहिजे.

जाताना लसीकरणाचे कार्ड आणि प्रसूतीचे कागद न्या. मान कधी धरली, कुशीवर कधी वळला, हे आठवेल तसे वहीत लिहून ठेवा. शनिवारी सकाळी आठ वाजता मी व्हिडिओ कॉल करतो. तेव्हा बाळूला जमिनीवर चादरीवर ठेवा, मला त्याला पाहायचे आहे.

आईला शि. सा. नमस्कार. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा