अधिकार खाली द्या, पण अपील त्याच खात्याकडे नको

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

दारूच्या परवान्यांबाबतचे शासनाचे अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे सोपवावेत का, यावर मंत्रालयात काय मत असेल ते असो. आम्हा देगलूरकरांचं मत विचाराल तर जरूर सोपवा. आमच्या तालुक्याला रेल्वे नाही. मुंबईची सुनावणी म्हणजे आधी एसटीने नांदेड, मग देवगिरी एक्स्प्रेस, आणि तिथं पोचल्यावर पुढची तारीख.

आडव्या बाटलीचंच, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाचंच बघा. देशीचं दुकान बंद करायचं तर आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. त्यातही झालेल्या मतांत बहुमत असून भागत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. ऊसतोडीला गेलेली बाई, लग्न होऊन सासरी गेली तरी नाव यादीतच राहिलेली लेक, या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. एवढं करून जिल्हाधिकाऱ्यांनी दुकान बंद केलं, की दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १३७ खाली दुकानदाराचं उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील. तिथं नाही जमलं तर कलम १३८ खाली शासनाकडे पुनरीक्षण, म्हणजे आदेशाची फेरतपासणी, आहेच. आमच्या भागातल्या एका गावात स्थगिती आल्याचं बायकांना कळलं ते दुकानाचं शटर वर गेलेलं पाहून. सुनावणीची नोटीस दुकानदाराला होती, सह्या करणाऱ्यांपैकी एकीलाही नव्हती.

म्हणून हे अपील मराठवाड्यातच ऐकलं जावं. पण कुणी ऐकावं? उत्पादन शुल्कच्या उपायुक्तांकडे ते देऊ नका. माणूस वाईट म्हणून नव्हे, तर महसुलाचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर, त्याच्याकडेच दुकान बंद ठेवायचं की नाही हा निर्णय, हे बरं दिसत नाही. छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्त आहेत. जमिनीची अपिलं त्यांच्याकडे चालतात, दारूचीही चालतील. आठही जिल्ह्यांना ते सोयीचं.

किरकोळ अधिकार मात्र खात्यातच बिनधास्त खाली द्या. तेलंगणातून येणारी रसायन घातलेली शिंदी पकडली की मोटारसायकलही जप्त होते. मग आदेशाची वाट बघत ती आवारात उभी राहते. सीटवर वेल चढतो, टायर जमिनीला चिकटतात, लिलावाला काढेपर्यंत भंगाराचा भाव. यासाठी वरपर्यंत फाईल कशाला?

आणि अधिकार वापरायला माणसं लागतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने या खात्यात नवी पदं आणि सहा नवी अधीक्षक कार्यालयं मंजूर केली: मुंबई उपनगर, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अहिल्यानगर. मराठवाड्याचं नाव त्यात नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट एवढी सरहद्द नांदेड जिल्हा सांभाळतो, ती कुणाच्या जिवावर?

पुनरीक्षणाचा अधिकार तुमच्याकडेच राहणार, हे आम्ही जाणतो. निदान एवढा आदेश काढा: दुकान बंदीच्या आदेशाला स्थगिती देण्याआधी त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि अर्जदार बायकांना लेखी नोटीस द्यावी, आणि स्थगिती दिलीच तर तिची कारणं लिहून मुदत घालावी. त्याला कायदा बदलावा लागणार नाही, आपली एक सही पुरे.

आपली,
महिला बचत गटाची एक कार्यकर्ती,
ता. देगलूर, जि. नांदेड