रविवार विकू नकोस

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी वस्तीतल्या मुलांना खेळणी करायला शिकवतोस ते बंद करायचं आणि त्या वेळात बाहेरची कामं घेऊन फ्लॅटचे पैसे लवकर जमवायचे, असं तू काल म्हणालास. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

पैसा वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. तुझी फी भरताना आम्ही काय काय पुढे ढकललं ते तू पाहिलं आहेस. घर हवंच. पण फ्लॅट झाला की गाडी, मग आणखी मोठा फ्लॅट. हा हिशेब कधी मिटत नाही रे.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांबद्दल तूच मला सांगितलं होतंस. १९७५ साली कानपूर आयआयटीतून बाहेर पडून ते पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन बसले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही मुलांबरोबर तेच. २०१८ ला पद्मश्री मिळाली, पण मला अप्रूप आहे ते त्या नळीचं.

तू पाठवलेला व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला. नळीच्या तुकड्यांत काड्या खोचून मुलांनी आधी चौकोन केला. बोटाने ढकलला की तो कलंडायचा, तिरका व्हायचा. मग त्रिकोण केला. तो कितीही दाबला तरी हलेना! दोन वेण्यांची ती मुलगी चौकोन-त्रिकोण आलटूनपालटून दाबत राहिली आणि एकदम ओरडली, "म्हणून रेल्वेच्या पुलाला त्रिकोण असतात!" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर तू जे हसलास ना, तसं हसताना नोकरी लागल्यापासून मी तुला पाहिलेलं नाही.

ते तास मुलांसाठी आहेत तितकेच तुझ्यासाठीही आहेत. ऑफिसात प्रत्येक कामाला मुदत असते, कुणीतरी मोजत असतं. इथे चुकलं तर काडी मोडते, दुसरी घ्यायची. नवं सुचतं ते अशाच वेळी. सगळं मार्गी लागल्यावर खेळू म्हणालास तर हात तोवर विसरलेले असतील. म्हणून आत्ताच सोडू नकोस.

फ्लॅट वर्ष-दोन वर्षं लांबला तरी चालेल. बाबांशी मी बोलले आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

तुझी,
आई