घोरणाऱ्या ज्येष्ठांची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात व्हावी : आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सादर नमस्कार.

पालिकेच्या दवाखान्यात साठी ओलांडलेल्या माणसाचं बीपी मोजतात, शुगर तपासतात. त्याच वेळी त्याच्या घरच्यांना आणखी एक प्रश्न विचारला जावा, यासाठी हे पत्र. रात्री हे जोरात घोरतात का, आणि घोरताना मध्येच श्वास थांबतो का?

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. पण त्यामागे स्लीप ॲप्निया हा आजार असू शकतो. त्यात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. आजार बळावला की हे तासाला ३० हून अधिक वेळा घडतं. सकाळी माणसाला त्यातलं काहीही आठवत नाही. डोकं दुखतं, दिवसा डुलक्या येतात, नावं आठवत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं.

मी निवृत्त परिचारिका आहे, परळला राहते. सर्वांत जास्त काळजी वाटते ती झोपेच्या गोळीची. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या, सकाळी थकलेल्या आजी ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगतात आणि गोळी घेऊन घरी येतात. बायकांमध्ये हा आजार अनेकदा असाच दिसतो, मोठ्या घोरण्याशिवाय. ॲप्निया असेल तर अशा अनेक गोळ्यांनी श्वास आणखी अडू शकतो. गोळी लिहिण्याआधी दोन मिनिटं चौकशी झाली पाहिजे.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज आहे. २०११ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, झोपेत श्वास अडणाऱ्यांमध्ये पुढे स्मृती ढासळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. २०२१ साली तिथल्याच हजारो वृद्धांच्या नोंदींत, ॲप्नियावर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) वापरणाऱ्यांमध्ये अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराचं निदान कमी दिसलं. मशीन लावलं की डिमेन्शिया टळतोच, असं मी म्हणणार नाही. नियमाने मशीन लावणारे एरवीही तब्येत जपणारे असू शकतात. पण उपचाराने दिवसाची पेंग जाते, बीपीही थोडं उतरतं, आणि वाढलेल्या बीपीने डिमेन्शियाचा धोका वाढतो हे मान्य झालेलं आहे. पक्क्या पुराव्याची वाट बघत आजच्या सत्तरीतल्या माणसांना तसंच ठेवणं मला पटत नाही.

केईएम, सायन, नायर आणि कूपरमधून घरी नेऊन लावता येणारी तपासणी यंत्रं द्यावीत. बोटाला सेन्सर, नाकाशी नळी, छातीला पट्टा; अनेकांचं निदान घरच्या अंथरुणावर होतं. सीपॅपची किंमत हजारोंत जाते, पेन्शनमध्ये ती बसत नाही. मुंबईत रुग्णसाहित्य केंद्रं व्हीलचेअर, पलंग अनामत घेऊन देतात, तसं पालिकेने मशीन द्यावं. मास्क मात्र प्रत्येकाला नवा हवा. आणि पहिले काही आठवडे कुणीतरी फोन करून विचारलं पाहिजे, कारण मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, आणि मशीन कपाटावर जातं.

विचारपूस करायला आरोग्यसेविका आहेतच. त्या घरोघरी जातात, घरचे त्यांच्याशी मोकळं बोलतात. त्यांना एका दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि एखाद्या वॉर्डापासून सुरुवात करा.

आपली,
परळची एक निवृत्त परिचारिका