रस्त्यापासून थोडं आतलं घर बघा

लॉस एंजेलिस

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न.

परवा फोनवर दोन फ्लॅटचा विषय निघाला, एक हायवेला लागून आणि दुसरा आतल्या गल्लीत. दादा म्हणाला, "ॲपवर दोन्हीकडची हवा सारखीच दाखवतं, मग हायवेसमोरचा मोकळा फ्लॅट का सोडायचा?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ॲप खोटं बोलत नाही, पण ते वेगळंच काहीतरी मोजतं. ते दाखवतं पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचं एकूण वजन. हे कण शहरभरातून, बरेचसे तर लांबून वाऱ्यासोबत येतात, म्हणून रस्त्याला लागून आणि अर्धा किलोमीटर आत त्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय मोजणारं केंद्रही कुठेतरी लांब असतं. गाड्यांच्या नळकांड्यातून थेट निघणारी काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि 0.1 मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण यांची गोष्ट निराळी. त्या कणांना वजन जवळपास नसतंच, ते मोजायचे संख्येने. आणि ही संख्या रस्त्यापासून दूर गेलं की झपाट्याने घटते.

इथल्याच 405 फ्रीवेच्या (फ्रीवे म्हणजे इथला हायवेच) कडेला 30 मीटरपासून 300 मीटरपर्यंत ठिकठिकाणी यंत्रं लावून हे मोजलं गेलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या शंभरेक मीटरमध्येच निम्म्याहून जास्त घट, आणि 300 मीटरवर कणांची संख्या रस्त्याच्या पलीकडे, वारा जिकडून येतो त्या बाजूला होती तेवढीच. धूर हवेत मिसळून पातळ होतो, शिवाय बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र इतक्या लवकर उतरत नाही, कारण धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ पडून तो वाटेतही तयार होत राहतो.

मी स्वतः पहिलं वर्ष फ्रीवेच्या कडेला काढलंय. सकाळी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळा, तेलकट थर यायचा. साधी धूळ फुंकरीने उडते, हा थर ओल्या फडक्यानेही बोटाच्या रेषांतून निघायचा नाही. काच बंद ठेवली तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. आता मी चार गल्ल्या आत राहतो आणि ती चौकट आठवड्यातून एकदा पुसली तरी पुरते.

मला खरी काळजी चिंटूची आहे. त्याला आधीच धाप लागते. 2007 साली इथल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रीवेपासून 500 मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ, दीड किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी झालेली दिसली. कॅलिफोर्नियात 2003 सालच्या कायद्यानुसार नवी सरकारी शाळा फ्रीवेपासून 500 फुटांच्या आत सहसा बांधता येत नाही. शाळेला जो नियम, तो मुलाच्या झोपायच्या खोलीला का नको?

बाबांनाही सांगा, पहाटे हायवेच्या कडेने फिरायला जाऊ नका. पहाटेची हवा शुद्ध असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण सूर्य उगवण्याआधी जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असते, धूर वर जातच नाही. इथे हिवाळ्यात पहाटे फ्रीवेचा धूर वाऱ्याच्या दिशेने दोन किलोमीटरहून लांबपर्यंत मोजला गेलाय. ऊन वर आल्यावर, आतल्या रस्त्याने फिरलेलं बरं.

म्हणून आत राहिलात तरी वारा कुठून येतो ते बघावंच लागेल. टोकन द्यायच्या आधी एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी दोन्ही इमारतींच्या गच्चीवर जा आणि वारा हायवेकडून घराकडे येतो की उलटा जातो, ते मला कळवा. समोरचाच फ्लॅट घ्यायचा ठरलं, तर चिंटूची खोली मागच्या बाजूला ठेवा आणि गर्दीच्या वेळी पुढच्या खिडक्या लावून घ्या. आतल्या फ्लॅटच्या खिडक्यांचे फोटोही पाठवा, वहिनी.

तुमचा,
धाकटा