शिबिराचा निधी एप्रिलमध्ये नको, दिवाळीत गोळा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या निवासी संगीत शिबिरांचे प्रवेश सुरू झाले, की कोल्हापुरात दरवर्षी तेच घडते. गुणी मुलगी आहे, शुल्काला काही हजार कमी पडतात, आणि कोणीतरी म्हणते, "एक जलसा घेऊ या." जलशातून हा पैसा उभा राहत नाही, हे आता मान्य करायला हवे.

समजा, २०० रुपयांच्या १५० प्रवेशिका खपल्या. हाती ३०,००० येतात. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, कलाकारांची बिदागी, साथीदारांचा प्रवास, फलक आणि चहापाणी जाऊन पाच-सहा हजार उरले तर नशीब. एप्रिलात लग्नसराई असते, जोतिबाची चैत्र यात्रा असते. प्रवेशिका भिडेखातर घेतल्या जातात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. त्याऐवजी महिना १०० रुपये देणारे ५० जण जोडले तर वर्षाला ६०,००० होतात आणि खर्च पावतीपुस्तकाचा. जलसा हवाच असेल तर मुले शिबिराहून परतल्यावर त्यांचाच ठेवा, देणगीदारांसाठी आणि विनामूल्य. पुढच्या वर्षीचे पैसे तिथेच कबूल होतात.

दुसरी चूक म्हणजे फक्त शुल्क धरणे. अल्पवयीन मुलाला पोचवायला पालक जातो, परत येतो. आणायला पुन्हा जातो, पुन्हा येतो. मुलाची दोन तिकिटे आणि पालकाची चार, म्हणजे एका मुलामागे सहा. शिवाय पालकाची दोन दिवसांची रोजी बुडते. पाच मुले मिळून एकाच जबाबदार पालकाबरोबर पाठवली, तर ३० तिकिटांचे काम १४ मध्ये भागते. सोबत बाई असल्या तर उत्तम, कारण एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शिबिर धारवाडला असेल तर पुढचे पूर्ण भाडे धरा. प्रवासाची रक्कम आगाऊ द्यावी. 'तिकिटे दाखवा, मग पैसे' या अटीवर ज्यांना खरी गरज आहे तीच घरे गळतात, कारण आधी खिशातून घालायला त्यांच्याकडे काही नसते. शुल्क मात्र थेट शिबिराच्या खात्यावर भरावे आणि मूल ऐनवेळी आजारी पडले तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला मिळेल का, हे आधीच लेखी विचारून ठेवावे.

वाद्याचाही खर्च असतो आणि तो कोणीच धरत नाही. तबल्यावर दुसरे सामान रेटले गेले की शाईचे, म्हणजे पुडीच्या मधल्या काळ्या लेपाचे, टवके उडतात, म्हणून नुसती कापडी गवसणी पुरत नाही. जाड अस्तराची पिशवी आणि शाईवर पुठ्ठ्याची गोल चकती हवी. तंबोरा एसटीतून नेऊच नये. नेलाच तर तारा उतरवून, आणि भोपळा मांडीवर. बहुतेक मुले आईच्या मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात आणि कित्येक शिबिरांत मोबाइल जमा करून घेतात! तिथे वाद्य मिळणार आहे का, हे विचारायला एक फोन पुरतो.

पैसे कोणाच्या नावे घ्यायचे? नवा ट्रस्ट काढू नका. नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१-क खाली परवानगी मागावी लागते. गणेश मंडळांना ही वाट पाठ आहे. त्यापेक्षा नोंदणीकृत संगीत संस्थेला सांगून तिच्या हिशेबात 'शिबिर निधी' असे स्वतंत्र खाते उघडा. पावतीवर 'कायम निधी' असा शिक्का पडू देऊ नका, नाहीतर मुद्दल अडकून पडते आणि हाती फक्त व्याज येते. संस्थेकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०-जी मान्यता असेल तर देणगीदाराचा पॅन क्रमांक तेव्हाच लिहून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मुळीच नाही. हे आधी सांगितले की मार्चमध्ये वाद होत नाहीत.

निवडीत कटकट असते ती शिक्षकांचीच. स्वतःचा शिष्य समोर असेल तर परीक्षकाने उठून बाहेर जावे, हा नियम कागदावर हवा. दहा मिनिटे प्रत्यक्ष ऐका. पाठवलेल्या ध्वनिमुद्रणात दहा प्रयत्नांतला सर्वांत चांगला ऐकू येतो. तयार बंदिशीपेक्षा, नवा पलटा (स्वरांची उलटसुलट रचना) सांगितल्यावर मूल तो किती लवकर उचलते ते पाहा. शिबिराचा उपयोग त्यालाच. उत्पन्नासाठी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका पुरे मानावी. जानेवारीत काढलेल्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि पालकाला पुन्हा सेतू केंद्रात रांग लावावी लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षाही एप्रिल-मेमध्येच येतात, तेव्हा अर्जातच परीक्षेचा रकाना ठेवा.

शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. आता दरबार नाही, पण वर्गणी कशी मागावी हे इथल्या पेठांना आणि तालमींना शिकवायला नको. मागण्याची वेळ तेवढी चुकते. गावोगावी दूध संस्थांचा फरक दिवाळीला वाटला जातो, त्यानंतर उसाची बिले सुरू होतात. देणारा हात तेव्हा सैल असतो. एप्रिलात तोच माणूस शाळेच्या फीसाठी पैसे जुळवत असतो. गणेश मंडळांनी डॉल्बीच्या सुपारीतली एक रात्र कमी केली, तर एका पेठेतली मुले सहज जातील. (डॉल्बीवाले रागावतील, इलाज नाही.)

म्हणून यंदा वर्गणीदारांची यादी दिवाळीपूर्वी, निवड जानेवारीत आणि शुल्क मार्चअखेर, असा क्रम ठेवावा. ज्या संस्था आपल्या हिशेबात असे खाते उघडायला तयार आहेत, त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून तसे जाहीर करावे, ही विनंती.

आपले,
संगीत शिक्षक व पालक, कोल्हापूर