वॅगस्टाफसाठी पाच पौंड

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत हॉलच्या मागच्या भिंतीवर जुना रग्बीपटू हॅरल्ड वॅगस्टाफचे फलक लावायचे, असं बैठकीत ठरलं. "हा कोण?" असं तिथेही दोघांनी विचारलंच. वर्षानुवर्षं हडर्सफील्डात राहून स्टेशनशेजारच्या जॉर्ज हॉटेलवरून आपण जातो-येतो. २९ ऑगस्ट १८९५ ला तिथेच उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी रग्बी युनियन या मूळ संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण खाड्याचं होतं. शनिवारी गिरणी किंवा खाण बुडवून खेळणाऱ्याची मजुरी भरून द्यायला लंडनकर तयार नव्हते. गिरणगावातून आलेल्या आपल्यातल्या घरांना हे जास्त समजावून सांगायला नको. रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा हा वेगळा प्रकार, जन्मला तो असा.

वॅगस्टाफ जवळच्याच होमफर्थचा, जन्म १८९१ चा. हडर्सफील्ड क्लबाने त्याला पाच सोन्याची नाणी हातावर ठेवून घेतलं आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याचं वय होतं पंधरा वर्षं १७५ दिवस! आपल्याकडे या वयाची मुलं दहावीच्या क्लासला असतात. पुढे त्याच्याच कप्तानीत हडर्सफील्डने १९१४-१५ च्या मोसमात चारही करंडक जिंकले.

पण मोठा फलक सिडनीचा करायचाय. ४ जुलै १९१४, वॅगस्टाफच्या कप्तानीतल्या ब्रिटिश संघाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसरी कसोटी. बदली खेळाडू तेव्हा नसत. एकेक गडी जायबंदी होत गेला. डग्लस क्लार्कचं कॉलरबोन मोडलं (हा क्लार्क मूळचा कंबरलँडचा पैलवान, कोल्हापूरकरांनी नोंद घ्यावी). एका वेळी तेरातले दहाच मैदानात उरले, तरी वॅगस्टाफच्या संघाने सामना १४-६ असा काढला. लोक अजून त्याला 'रोर्क्स ड्रिफ्टची कसोटी' म्हणतात (१८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मूठभर ब्रिटिश सैनिकांनी मोठ्या झुलू फौजेला थोपवलं, त्या लढाईवरून). खेळ सुटल्यावर त्याने पब चालवला. १९३९ मध्ये गेला, अवघ्या ४८ व्या वर्षी.

आता मागणं. फलकांच्या छपाईसाठी घरटी पाच पौंड द्यावेत. आकडा कुठून आला ते कळलंच असेल. जास्त दिले तर नाही म्हणणार नाही. पण पैशापेक्षा जुन्या वस्तूंची गरज मोठी आहे. क्लब फारटाउनचं मैदान सोडून १९९२ मध्ये गेला. त्याआधी तिथे सामने पाहिलेले काका-काकू आपल्यात असतील, तर तिकिटाचा तुकडा, कार्यक्रमपत्रिका, फोटो, काहीही चालेल. शेजारच्या यॉर्कशायरी आजोबांनाही विचारा, त्यांच्या माळ्यावर हमखास काहीतरी निघेल. वस्तू आम्ही स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. मजकूर मराठीत तपासायला एक आणि फलक टांगायला शिडीवर चढणारे दोन जण हवेत.

पैसे पाकिटात घालून, वर नाव लिहून खजिनदारांकडे द्यावेत. आरतीच्या ताटात टाकू नयेत. गेल्या वर्षी त्या हिशेबाने आमची झोप उडवली होती.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते